शब्दांची विचारपूस : आलोयणा

प्रश्न : माझ्या पणजीची एक जुनी वही आमच्या घरात जपून ठेवलेली आहे. जमाखर्चाच्या नोंदींमध्येच तीत एके ठिकाणी ‘चौमासीस महाराजसाहेबांपाशी आलोयणा घेतली. आयंबिल तीन, उपवास एक’ असे लिहिले आहे. (चौमासी म्हणजे दर चार महिन्यांनी येणारे जैन पर्व, आणि महाराजसाहेब म्हणजे जैन साधू.) माझ्याजवळच्या शब्दकोशात ‘आलोयणा’ सापडत नाही, आणि ‘आलोचना’ पाहावे तर ‘विचार’ आणि ‘टीका’ असे अर्थ मिळतात. पणजीने गुरूंकडून टीका घेतली असेल, हे काही पटत नाही. हा शब्द नेमका कोणता, आणि तो कोठून आला?

उत्तर : आपल्या पणजीबाईंनी लिहिलेला शब्द अगदी बरोबर आहे आणि तो फार जुना आहे. जैन परंपरेत, आपल्या हातून घडलेला दोष गुरूंसमोर स्वतःच्या तोंडाने, काहीही न लपवता मांडणे, या कृतीला ‘आलोयणा’ म्हणतात. संस्कृतात त्याचे रूप ‘आलोचना’ असे होते. चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे केल्या जाणाऱ्या पापनिवेदनाची माहिती मराठी वाचकाला कथा-कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून असते. मात्र आपल्याच भूमीत, प्राकृत भाषेत, या कृतीसाठी इतका नेमका शब्द होता आणि तो आजही चालू आहे, ही गोष्ट जैनेतर वाचकांना सहसा ठाऊक नसते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रथम शब्दाचे रूप पाहू. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘च’ बहुधा गळून पडतो आणि ‘न’चा ‘ण’ होतो. ‘सूची’चे ‘सूई’ झाले आणि तेथून आपली ‘सुई’ आली, ‘वचन’चे ‘वअण’ झाले, तसे ‘आलोचना’चे ‘आलोअणा’ झाले. ‘च’ गेल्यामुळे पडलेल्या मोकळ्या जागेत जैन लेखनपद्धतीप्रमाणे हलका ‘य’ उच्चारला आणि लिहिला जातो, म्हणून ‘आलोयणा’. म्हणजे पणजीबाईंनी चुकीचे किंवा गावंढळ असे काही लिहिलेले नाही. आगमग्रंथांत, म्हणजे जैनांच्या मूळ धर्मग्रंथांत, जे रूप येते, तेच त्यांनी जसेच्या तसे उतरवले आहे.

आता व्युत्पत्ती. ‘लोच्’ या धातूचा अर्थ धातुपाठात ‘दर्शन’, म्हणजे पाहणे, असा दिलेला आहे. डोळ्याला ‘लोचन’ म्हणतात ते याच धातूवरून. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागला. टीकाकारांनी, म्हणजे या ग्रंथांवर भाष्य लिहिणाऱ्यांनी, या ‘आ’चा अर्थ ‘सर्व बाजूंनी’ किंवा ‘मर्यादेला धरून’ असा केला आहे, आणि ‘लोचना’चा अर्थ गुरूंपुढे प्रकाशात आणणे असा केला आहे. मला या शब्दात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच, की बोलण्याच्या क्रियेला दिलेले हे नाव मुळात पाहण्याच्या धातूवरून आले आहे. दोष सांगायचा असतो तो जिभेने, परंतु शब्दाची सारी ओढ डोळ्याकडे आहे. आधी मी माझा दोष नीट पाहायचा आणि मग तो गुरूंना, जसा आहे तसा, दिसू द्यायचा. बोलणे हे येथे झाकण काढण्यापुरते आहे.

ही माझी कल्पना नाही, हे दाखवायला एक जुना पुरावा हाताशी आहे. ‘ओघनिर्युक्ती’ या प्राकृत ग्रंथात आलोयणेचे समानार्थी शब्द एका गाथेत ओवून दिलेले आहेत. आलोयणा, वियडणा, सोही, सब्भावदायणा, निंदणा, गरिहा, विउट्टणा आणि सल्लुद्धरण हे सारे एकार्थी आहेत, असे ती गाथा सांगते. यांतील ‘वियडणा’ म्हणजे उघडे करणे, आणि ‘सोही’ म्हणजे शुद्धी. ‘सब्भावदायणा’ हा शब्द तर फारच सुंदर आहे. ‘सब्भाव’ म्हणजे सद्भाव, जे खरोखर आहे ते, आणि ‘दायणा’ म्हणजे दाखवणे. खरे काय आहे ते दाखवणे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. बाराव्या शतकातील हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात ‘दाखवणे’ या अर्थाच्या क्रियापदांत ‘दाव’ आणि ‘दक्खव’ यांची नोंद केली आहे. मराठीतील ‘दावणे’ आणि ‘दाखवणे’ त्याच कुळातील आहेत. ‘तोंड दावू नकोस’ असे रागाने म्हणताना आपण या जुन्या धातूचाच आधार घेत असतो. ओघनिर्युक्तीच्या यादीतील पहिल्या चार शब्दांपैकी तीन शब्द पाहणे, उघडणे आणि दाखवणे यांच्याशी निगडित आहेत, आणि निव्वळ ‘सांगणे’ या अर्थाचा शब्द त्या सगळ्या यादीत एकही नाही.

यादीच्या शेवटी आलेल्या ‘सल्लुद्धरण’ या शब्दाचे आणि मराठीचे नाते याहून जवळचे आहे. ‘सल्ल’ म्हणजे संस्कृत ‘शल्य’, अंगात रुतून बसलेले बाणाचे टोक किंवा काटा. ‘उद्धरण’ म्हणजे तो बाहेर काढणे. ‘उत्तराध्ययन सूत्रा’च्या एकोणतिसाव्या अध्ययनात एकामागून एक प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत. त्यांत ‘भंते, आलोयणेमुळे जीवाला काय प्राप्त होते?’ असा थेट प्रश्न येतो. उत्तर असे, की माया म्हणजे कपट, निदान म्हणजे फळाची अभिलाषा आणि मिथ्यादर्शन म्हणजे चुकीची दृष्टी, ही मोक्षमार्गात आड येणारी आणि संसार अनंत वाढवणारी तीन शल्ये आलोयणेने उपटली जातात आणि ‘उज्जुभाव’, म्हणजे सरळपणा, निर्माण होतो. मराठीत आपण ‘मनातला सल’ म्हणतो. हा ‘सल’ म्हणजे प्राकृतातील ‘सल्ल’च होय. न सांगितलेली गोष्ट आत रुतून राहते, वरची जखम भरली तरी आतून ठणकते, हा अनुभव भाषेने त्या एका अक्षरजोडीत साठवून ठेवलेला आहे. ‘उज्जु’ म्हणजे ‘ऋजु’. जुन्या मराठीत सरळ या अर्थाचे ‘उजू’ येते ते तेच.

आलोयणा कशी करावी, याविषयी ओघनिर्युक्तीत आलेली आणि थोड्या पाठभेदाने दिगंबर परंपरेच्या ‘मूलाचारा’तही आढळणारी एक गाथा मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते : ‘जह बालो जंपंतो कज्जमकज्जं च उज्जुयं भणइ । तं तह आलोएज्जा मायामयविप्पमुक्को उ ॥’ लहान मूल बोलताना करण्याजोगे काय केले आणि न करण्याजोगे काय केले ते जसे सरळ सांगून टाकते, तशी कपट आणि गर्व सोडून आलोयणा करावी. मूल दोष सांगताना कारणमीमांसा करीत नाही. ‘दूध सांडलं’ एवढेच ते म्हणते. पेल्याचा काठ निसरडा होता, कोणीतरी हाक मारली, हे आपण मोठे झाल्यावर शिकतो. त्याच ग्रंथात वैद्याचाही दृष्टान्त आहे. अत्यंत कुशल वैद्यसुद्धा स्वतः आजारी पडला म्हणजे आपली व्याधी दुसऱ्या वैद्याला सांगतो. त्याप्रमाणे प्रायश्चित्ताचे शास्त्र स्वतःला पूर्ण अवगत असले, तरी आचार्यानेही आपला दोष दुसऱ्यापुढे ठेवलाच पाहिजे. यातून ज्ञानी माणसालाही सूट नाही.

मात्र माणसाचे मन सरळ चालत नाही, हे या परंपरेने ओळखलेले होते. म्हणून आलोयणेचे दहा दोष सांगितलेले आहेत, आणि ते वाचताना दोन हजार वर्षांपूर्वीचे कोणी आपल्याच खांद्यामागे उभे राहून पाहत आहे असे वाटते. ‘स्थानांग’ आणि ‘भगवती’ या दोन्ही आगमांत त्यांची यादी एकाच गाथेत येते. पहिला दोष ‘आकंपित’. गुरूंची सेवाचाकरी करून त्यांचे मन आधी द्रवून घ्यायचे, म्हणजे प्रायश्चित्त हलके मिळेल. दुसरा ‘अनुमानित’. आपण अशक्त आहोत, आपल्याला फार तप झेपत नाही, असे सुचवत अंदाज घेत घेत दोष सांगायचा. तिसरा ‘दृष्ट’. दुसऱ्याने पाहिलेला दोष तेवढा कबूल करायचा, न पाहिलेला गिळून टाकायचा. चौथा ‘बादर’, म्हणजे फक्त मोठे दोष सांगून बारीक दोषांकडे दुर्लक्ष करणे. आणि पाचवा, माझ्या मते सर्वांत खोल असलेला, ‘सूक्ष्म’. यात माणूस बारीकसारीक चुका तत्परतेने सांगतो, अशा हेतूने की ऐकणाऱ्याला वाटावे, जो एवढीशी गोष्ट लपवीत नाही तो मोठी गोष्ट कशी लपवील? खरेपणाचाच बुरखा करून घेण्याची ही युक्ती ज्याने प्रथम टिपली, त्याने माणसाच्या मनाचा फार जवळून अभ्यास केला असला पाहिजे.

पुढचे दोन दोष आवाजाशी संबंधित आहेत. ‘छन्न’ म्हणजे ऐकू जाणार नाही इतक्या हळू पुटपुटणे. ‘शब्दाकुलित’ म्हणजे सभोवती गलका चालू असताना, आपले शब्द त्यात बुडून जातील अशा बेताने बोलणे. दोष सांगितल्याचे समाधान तर हवे, पण तो ऐकला जायला नको, अशी ही अवस्था आहे. उरलेले तीन दोष ऐकणाऱ्याच्या निवडीचे आहेत. एकच दोष अनेकांपुढे मांडत फिरणे हा ‘बहुजन’, प्रायश्चित्ताचे ज्ञान नसलेल्या कच्च्या गुरूला गाठणे हा ‘अव्यक्त’, आणि जो स्वतः तोच दोष करतो अशालाच सांगणे, म्हणजे तो काही फार बोलणार नाही, हा ‘तत्सेवी’.

दोष सांगणाऱ्याला अशा अटी, तशा ऐकणाऱ्यालाही आहेत. आलोयणा ऐकणाऱ्याच्या अंगी आठ गुण असावेत असे स्थानांगात सांगितले आहे. त्यांतील दोन मी येथे देतो. एक गुण ‘ओवीलए’, संस्कृतात ‘अपव्रीडक’. व्रीडा म्हणजे लाज. समोर बसलेल्या माणसाची जीभ लाजेने अडखळत असेल तर ती लाज दूर करून त्याला बोलते करणारा, असा त्याचा अर्थ आहे. दुसरा गुण ‘अपरिस्सावी’, म्हणजे न झिरपणारा. कानावर आलेला दोष जो बाहेर पाझरू देत नाही, तोच आलोयणा ऐकण्यास पात्र. दिगंबर परंपरेच्या ‘भगवती आराधने’त याला उपमा दिली आहे ती तापलेल्या लोखंडाने पिऊन टाकलेल्या पाण्याची. ते पाणी परत बाहेर येत नाही.

आता पणजीबाईंच्या वाक्यातील खरी अडचण. आलोयणा म्हणजे दोष मांडणे असेल, तर ती ‘केली’ असे म्हणायला हवे. मग ‘घेतली’ कशी? जैन शास्त्रात प्रायश्चित्ताचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत आलोयणा हा पहिला आहे. काही दोष इतके सौम्य मानले आहेत, की ते गुरूंपुढे उघड केले एवढ्यानेच शुद्धी होते. त्यांना निराळे तप लागत नाही. येथे दोष मांडणे हेच प्रायश्चित्त. त्याहून जड दोषांसाठी प्रतिक्रमण (दोषापासून मागे फिरणे), तप इत्यादी पुढच्या पायऱ्या आहेत. बोलीत मात्र पहिल्या पायरीचे नाव सबंध जिन्याला मिळाले. दोष ऐकून गुरूंनी जे तप नेमून दिले, त्यालाही श्रावक-श्राविका ‘आलोयणा’च म्हणू लागल्या. गुरू आलोयणा ‘देतात’ आणि श्राविका ती ‘घेते’. म्हणूनच वहीत लगेच पुढे तीन आयंबिले आणि एक उपवास यांचा हिशेब आला आहे. आयंबिल म्हणजे दूध, तूप, तेल, गूळ असे काहीही न घेता दिवसातून एकदाच रुक्ष अन्न खाण्याचे व्रत. कोणता दोष होता हे पणजीबाईंनी लिहिले नाही. तो सांगायचा तेथे सांगून झाला होता. फेडायचे तेवढे वहीत मांडले.

शब्दाचा असा प्रवास इतरत्रही झालेला दिसतो, पण उलट दिशेने. इंग्रजीत पापनिवेदनासाठी ‘श्रिफ्ट’ हा एक जुना शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘लिहिणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपल्याकडे वैद्य औषध ‘लिहून देतो’ म्हणतात, तशा अर्थाने धर्मगुरूने प्रायश्चित्त नेमून देणे, हा त्या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ होता, आणि पुढे तो दोष सांगण्याच्या बाजूकडे सरकला. तेथे शिक्षेच्या नावाने कबुली ओळखली जाऊ लागली, आणि येथे कबुलीच्या नावाने तप ओळखले जाऊ लागले.

आणखी एक गाथा. श्रावकांच्या प्रतिक्रमणातील ‘वंदित्तु’ सूत्रात ती आहे, त्यामुळे आपल्या पणजीबाईंना ती तोंडपाठ असण्याचा संभव फार : ‘कयपावो वि मणुस्सो आलोइअ निंदिअ गुरुसगासे । होइ अइरेगलहुओ ओहरिअभरु व्व भारवहो ॥’ पाप केलेला माणूसही गुरूंपाशी त्याची आलोयणा आणि निंदा करून, ओझे उतरवलेल्या हमालासारखा, अतिशय हलका होतो. येथील ‘लहुअ’ म्हणजे ‘लघु’. प्राकृतात त्यातील ‘ल’ आणि ‘ह’ यांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’ असेही रूप होते, आणि मराठीतील ‘हळू’ आणि ‘हलका’ त्याच वाटेने आले. ‘सांगून टाकलं आणि हलकं वाटलं’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या गाथेतील उपमाच नव्हे, तिच्यातील शब्दही आपल्या ओठांवर असतो.

प्रश्न : हिंदीत ‘आलोचना’ म्हणजे टीका किंवा समीक्षा. मग स्वतःचा दोष सांगणे आणि दुसऱ्यावर टीका करणे हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, की हे दोन निराळे शब्द आहेत?

उत्तर : शब्द एकच आहे. मूळ अर्थ ‘पाहणे’ असल्यामुळे त्याला निरनिराळ्या दिशा फुटल्या. दर्शनशास्त्रात ‘आलोचन’ म्हणजे इंद्रियाला होणारे निव्वळ पहिले ग्रहण. सांख्यकारिकेत पाच ज्ञानेंद्रियांचे काम ‘आलोचनमात्र’ असल्याचे सांगितले आहे. डोळ्यापुढे काहीतरी आले आहे, पण ते काय आहे हे मनाने अजून ठरवलेले नाही, अशी ती अवस्था. सामान्य संस्कृतात त्याचा अर्थ ‘विचार करणे’, ‘नीट न्याहाळणे’ असा झाला, आणि मराठीतील ‘पर्यालोचन’ आणि ‘समालोचन’ हे शब्द त्याच अर्थाचे आहेत. आधुनिक हिंदीने साहित्याच्या परीक्षणासाठी ‘आलोचना’ हा शब्द पत्करला, आणि परीक्षणात दोषदर्शन येतेच, म्हणून बोलण्यात त्याचा अर्थ ‘टीका’ असा आकसत गेला. मराठीने त्या कामासाठी ‘टीका’ आणि ‘समीक्षा’ हे शब्द वापरले, त्यामुळे मराठीत ‘आलोचना’ बरीचशी मोकळी राहिली. हल्ली वर्तमानपत्री मराठीत ‘विरोधकांनी आलोचना केली’ अशी वाक्ये दिसतात, ती हिंदीच्या सहवासाने. माझे स्पष्ट मत असे, की मराठीत त्या ठिकाणी ‘टीका’ हाच शब्द ठेवावा. ज्या शब्दाचा रोख स्वतःकडे आहे, तो दुसऱ्याकडे वळवण्याची आपल्याला काही गरज नाही.

प्रश्न : दोष उघड केल्याने पाप कमी होते ही कल्पना फक्त जैन परंपरेतच आहे, की वैदिक आणि बौद्ध परंपरांतही तिच्यासाठी शब्द आहेत?

उत्तर : दोन्हींत आहेत, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. शतपथ ब्राह्मणात वरुणप्रघास या यज्ञविधीचे वर्णन येते. त्यात प्रतिप्रस्थाता नावाचा ऋत्विज यजमानाच्या पत्नीला, पतीखेरीज आणखी कोणाशी तिचा संबंध आहे का, असे विचारतो आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षा असते. त्याचे कारण तेथेच दिलेले आहे : ‘निरुक्तं वा एनः कनीयो भवति’, म्हणजे बोलून दाखवलेले पाप कमी होते, कारण ते सत्य होते. भर यज्ञात तो प्रश्न फक्त स्त्रीलाच विचारला जावा, हे आज वाचताना खटकते आणि खटकायलाही हवे. तरीही त्या एका वाक्यातील विचार थोर आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत पहिला शब्द ‘ख्यापन’, म्हणजे जाहीर करणे, हा आहे. केलेला अधर्म माणूस जसजसा स्वतः बोलून दाखवतो, तसतसा तो, साप कातेतून सुटावा तसा, त्यातून सुटतो, असे तेथे म्हटले आहे. ‘निरुक्त’ आणि ‘ख्यापन’ हे दोन्ही शब्द वाणीच्या बाजूचे आहेत.

बौद्ध भिक्षुसंघात दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्ख, म्हणजे संघाच्या नियमांचा संग्रह, म्हटला जातो. पाली परंपरेत भिक्षूंसाठी त्यात २२७ नियम आहेत. पठणाच्या आरंभीच सांगितले जाते, की ज्याच्याकडून दोष घडला असेल त्याने तो प्रकट करावा, ‘आविकता हिस्स फासु होति’, प्रकट केल्याने त्याला बरे वाटते. ‘आवि’ म्हणजे ‘आविष्कार’मधील ‘आविः’, उघड्यावर. ‘आपत्ती’ची, म्हणजे नियमभंगाच्या दोषाची, ‘देसना’ करणे हाही तेथील शब्द, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘दिश्’ धातूचा अर्थ बोटाने दाखवणे. म्हणजे या बाबतीत जैन आणि बौद्ध हे दोन्ही श्रमणसंप्रदाय डोळ्याच्या बाजूला उभे राहतात.

प्रश्न : संवत्सरीला, म्हणजे पर्युषण पर्वाच्या शेवटच्या दिवशी, आम्हाला जैन मित्रांकडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ असे संदेश येतात. ‘मिच्छामि’ म्हणजे ‘मी क्षमा मागतो’ आणि ‘दुक्कडम्’ म्हणजे ‘दुःखाबद्दल’ अशी फोड बरोबर आहे का? आणि याचा आलोयणेशी संबंध काय?

उत्तर : ही फोड बरोबर नाही. ‘नमामि’, ‘वंदामि’ यांच्या धर्तीवर ‘मिच्छामि’ हे क्रियापद वाटते खरे, पण ते दोन निराळे शब्द आहेत : ‘मिच्छा’ आणि ‘मि’. ‘मिच्छा’ म्हणजे मिथ्या. ‘मि’ म्हणजे ‘मे’, माझे. ‘दुक्कडं’चा दुःखाशी संबंध नाही. ते ‘दुष्कृतम्’ आहे, वाईट कृत्य. ‘कृत’मधील ‘ऋ’चा ‘अ’ आणि ‘त’चा ‘ड’ होऊन ‘कड’ झाले. ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’, म्हणजे ते निष्फळ होवो, एवढाच त्याचा अर्थ आहे. क्षमा मागण्याचा शब्द निराळा आहे. ‘खामेमि सव्वजीवे’, मी सर्व जीवांची क्षमा मागतो, यातील ‘खामेमि’ हे ते क्रियापद.

आलोयणेत दोष उघड केला जातो, आणि त्यापुढच्या पायरीवर, प्रतिक्रमणात, त्या दोषापासून मागे फिरायचे असते. ‘प्रति’ म्हणजे मागे आणि ‘क्रमण’ म्हणजे चालणे. हे मागे फिरणे ज्या शब्दांनी व्यक्त होते ते ‘मिच्छा मि दुक्कडं’. ‘आवश्यक निर्युक्ती’ने या सहा अक्षरांचा एकेक करून अर्थ लावला आहे. ‘मि’ मृदुतेसाठी, ‘च्छा’ दोषांना आवर घालण्यासाठी, दुसरा ‘मि’ मर्यादेत राहण्यासाठी, ‘दु’ स्वतःच्या दोषाची घृणा दाखवण्यासाठी, ‘क’ ‘मी पाप केले’ या कबुलीसाठी आणि ‘डं’ ते उपशमाने ओलांडून जाण्यासाठी. व्याकरणाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती नव्हे. म्हणणाऱ्याने प्रत्येक अक्षरापाशी थांबावे म्हणून केलेली ती योजना आहे, आणि त्या दृष्टीने ती मला फार मोलाची वाटते. त्याच निर्युक्तीत असेही बजावले आहे, की जे दुष्कृत ‘मिथ्या’ म्हणून सोडले तेच जो पुन्हा करतो, तो प्रत्यक्ष खोटे बोलणारा होय.

हे बजावणाऱ्या गाथेच्या स्पष्टीकरणासाठी परंपरेत एक कथा सांगितली जाते. एका कुंभाराच्या घरी काही साधू उतरले होते. त्यांच्यातील एक पोरसवदा साधू कुंभाराच्या ओल्या मडक्यांवर खडे मारून त्यांना भोके पाडू लागला. कुंभाराने पाहिले आणि विचारले, मडकी का फोडतोस? साधू म्हणाला, ‘मिच्छा मि दुक्कडं’. कुंभार वळला, तसा खडा पुन्हा सुटला. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले. असे काही वेळा झाल्यावर कुंभाराने एक खडा उचलला, साधूच्या कानावर ठेवला आणि जोराने दाबला. साधू कळवळून म्हणाला, ‘दुखते आहे!’ कुंभार म्हणाला, ‘मिच्छा मि दुक्कडं’, आणि खडा पुन्हा दाबला.